चोर दिसला, पण ओळखू येईना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाथर्डी फाट्याजवळ दोन मजली रो हाऊस, गेटपासून दारापर्यंत १४ फुटांची पार्किंग, मागे अरुंद बोळ. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, घरात सासूबाई एकट्या. मागच्या महिन्यात पहाटे पार्किंगमधून स्कूटर गेली. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात दोन पोरं गाडी ढकलत नेताना दिसतात, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका. आता हातात दोन कोटेशनं आहेत, एक आठ कॅमेऱ्यांच्या सेटचं आणि दुसरं चार वायफाय कॅमेऱ्यांचं. यातलं कोणतं घेऊ?

माझ्या मते दोन्ही नको. बाहेर चार वायरवाले कॅमेरे, तेही विचार करून लावलेले. आत हवाच असेल तर एक वायफाय, तोही सासूबाईंना विचारून. मी नाशकात १७ वर्षं हेच काम करतोय, आठ कॅमेऱ्यांचा सेट विकला तर आमच्यासारख्याला चार पैसे जास्त मिळतात, तरीही हे सांगतोय.

समोरच्यांच्या कॅमेऱ्यात चोर दिसला, पण ओळखू आला नाही. या दोन गोष्टींमध्ये जो फरक आहे त्यातच सगळी मेख आहे. माणूस ओळखू यायचा तर तो जिथे उभा आहे तिथल्या एक मीटर रुंदीला चित्रात निदान २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मिळाले पाहिजेत, असं या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरला तर त्यावर जेमतेम ४० ठिपके पडतात. ४० ठिपक्यांत नाक-डोळे कळतात, १० ठिपक्यांत नाही.

हा हिशेब घरावर बसवू. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे साधारण पावणेआठ मीटर रुंदीपर्यंत २५० चं प्रमाण टिकतं. बाजारात जी २.८ एमएमची लेन्स सर्रास मिळते ती फार पसरट बघते, तिच्यात ओळख पटते ती फक्त नऊ-साडेनऊ फुटांपर्यंत. ३.६ एमएममध्ये तेरा फुटांच्या आसपास, आणि ६ एमएममध्ये २५ फुटांपर्यंत. तुमचं गेट १४ फुटांवर आहे. म्हणजे दारावर २.८ लावला तर गेट, शेजाऱ्याची भिंत, रस्ता, समोरचं गुलमोहराचं झाड सगळं छान दिसेल, फक्त गेट उघडणारा ओळखू येणार नाही. ६ एमएमची लेन्स त्याच जागेवरून बरोबर १४ फूट रुंदीची पट्टी पकडते. रो हाऊसचं गेट त्यात आरामात बसतं.

यावर लोक म्हणतात, मग ५ मेगापिक्सेल घेऊ की. घ्या, पण अडीचपट मेगापिक्सेलमुळे अंतर अडीचपट वाढत नाही. रुंदीतले पिक्सेल १९२० चे साधारण २५९२ होतात, म्हणजे फायदा जेमतेम सव्वा ते दीडपट. त्यापेक्षा योग्य लेन्स निवडणं फुकटात पडतं, कारण २.८ आणि ६ एमएमच्या किमतीत फारसा फरक नसतो. दुकानदार सहसा २.८ च देतो, कारण तोच गल्ल्यावर पडून असतो आणि टीव्हीवर ‘सगळं दिसतंय’ म्हटल्यावर गिऱ्हाईकही खूश होतं.

आणखी एक ग्यानबाची मेख आहे ती डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर. त्यावर ‘१०८०एन’ किंवा ‘लाइट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॅमेरा १९२० पिक्सेल पाठवतो, पण हा डीव्हीआर रेकॉर्ड करताना रुंदी निम्मी करून ९६० वर आणतो. लाइव्ह बघताना चित्र खणखणीत, रेकॉर्डिंग बघायला गेलं की भुरकट. समोरच्यांचं तसंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. त्यांच्याकडे जाऊन डीव्हीआरच्या एन्कोड सेटिंगमध्ये बघा, दोन मिनिटांत कळेल. कोटेशनमध्ये डीव्हीआरचा मॉडेल नंबर मागा आणि प्रत्येक चॅनेलवर पूर्ण १०८०पी, म्हणजे १९२० रुंदीचं, रेकॉर्ड होतं का ते लिहून घ्या.

आता जागा. पहिला कॅमेरा दाराच्या बाजूला, ६ एमएम, गेटवर रोखलेला. दुसरा पार्किंगवर, २.८, कारण तिथे ओळखण्यापेक्षा काय हलतंय हे कळायला हवं. तिसरा मागच्या बोळात, लांबीच्या दिशेने बघणारा, ३.६. चौथा गच्चीच्या दारावर. गच्ची लोक हमखास विसरतात. रो हाऊसच्या ओळीत एका गच्चीवरून दुसरीवर जायला कमरेएवढी भिंत ओलांडावी लागते, बस्स. सिडकोत मी पाहिलेल्या दोन घरफोड्यांत माणूस पुढच्या दाराने आलाच नव्हता.

उंची आठ ते नऊ फूट. पंधरा फुटांवर स्लॅबखाली लावलेला कॅमेरा कोणी तोडत नाही हे खरं, पण तो दाखवतो टोप्या आणि टक्कल. हात पोहोचेल अशी भीती वाटत असेल तर दोन कॅमेरे एकमेकांकडे बघतील असे लावा. एकाला हात घालणारा दुसऱ्यात येतो.

दार पूर्वेकडे असेल तर सकाळच्या उन्हात आलेला माणूस काळी सावली होऊन दिसतो. त्यासाठी कॅमेऱ्यात खरं डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही सांभाळायची सोय) हवं, १२० डीबी असं लिहिलेलं. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ म्हणजे नुसता ब्राइटनेस वाढवणं.

वायफाय की वायर? वायफाय कॅमेरा वाईट नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, भिंत फोडायची नसेल तेव्हा, मी स्वतःच सुचवतो. पण बाहेरच्या कॅमेऱ्याला वीज तर लागतेच, म्हणजे एक वायर जाणारच. मग दुसरी का नको? तुमच्या घरात राउटर वरच्या मजल्यावर असेल तर मागच्या बोळात सिग्नल दोन आरसीसी भिंती भेदून जाईल आणि नेमका नको तेव्हा तुटेल. शिवाय रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर असतं. कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर.

वायरमध्येही दोन रस्ते. एक जुना, एचडी ॲनालॉग: ज्याला आम्ही ‘थ्री प्लस वन’ म्हणतो ती केबल, बीएनसी जॅक, १२ व्होल्टचा सप्लाय, डीव्हीआर. दुसरा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा: कॅट सिक्स केबल, पीओई स्विच, आणि डीव्हीआरच्या जागी एनव्हीआर. एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही जातं, १०० मीटरपर्यंत बिनघोर. घराचं बांधकाम चालू असतं तर डोळे मिटून कॅट सिक्सच कन्सिल करा म्हणालो असतो. तुमचं घर तयार आहे, अंतरं ४०-५० फुटांची, त्यामुळे चांगल्या केबलवरचं ॲनालॉग पुरे आहे. वाचलेले पैसे इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि हार्ड डिस्कवर लावा.

‘चांगली केबल’ म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. मखमलाबादच्या पुढे एका मळ्यातल्या घरी तक्रार होती की गेटचा कॅमेरा रात्री बंद पडतो, सकाळी आपोआप चालू होतो. आधीच्या कारागिराने कॅमेरा दोनदा बदलून दिला होता. घरचे म्हणायला लागले होते की कोणीतरी रात्री येऊन काहीतरी करतंय! मी संध्याकाळी मुद्दाम गेलो. दुपारचं माप त्यांच्या मुलाकडून घेऊन ठेवलं होतं: सप्लायवर १२.१ व्होल्ट, कॅमेऱ्यापाशी ११. पावणेसात वाजता अंधार पडला, कॅमेऱ्याच्या अंधारात बघायच्या इन्फ्रारेड दिव्यांनी टिक करून डोळे उघडले आणि मीटर ९.४ वर आला. चित्र गेलं. कॅमेरा रीबूट झाला, पुन्हा दिवे लागले, पुन्हा गेला. दिवसा कॅमेरा पाव अँपियरही खात नाही, रात्री दिव्यांमुळे दुप्पट-अडीचपट खातो. दोनशे फूट केबल, तीही तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, आणि आत केसासारख्या तारा. तेवढ्या करंटला ती पुरेना. गेटच्या खांबावर वेगळा सप्लाय बसवला आणि भूत गेलं.

म्हणून केबलचं टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरट धातू दिसला तर ती तांब्याची नाही. कारागिरासमोरच खरवडा, लाजू नका.

जोड हा दुसरा कच्चा दुवा. कॅमेऱ्याला आयपी ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असतं, पण त्याच्या शेपटीला लोंबणाऱ्या जॅकला काहीही नसतं. आपल्याकडे पश्चिमेकडून झडीचा पाऊस आला की भिंतीवरून ओघळणारं पाणी केबल धरून थेट जॅकमध्ये उतरतं, आणि गणपतीपर्यंत तो हिरवा पडतो. प्रत्येक कॅमेऱ्यामागे पीव्हीसीचा बॉक्स हवा, जोड बॉक्सच्या आत, आणि केबल बॉक्सात शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर आलेली, म्हणजे पाणी झोक्याच्या तळातून गळून जातं. एका बॉक्सची किंमत दोन वडापावांच्या पुढे फार जात नाही, तरी कोटेशनमधून सगळ्यात आधी तोच गळतो.

वीज. मीटरपेटी बहुतेक रो हाऊसना बाहेरच असते. मेन स्विच पाडला की सगळी यंत्रणा झोपली, हे चोरालाही माहीत असतं. डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा सप्लाय आणि फायबरचा राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. चार कॅमेऱ्यांचा सगळा भार ४०-५० वॉटच्या आत राहतो, घरातला एक पंखा समजा. राउटर विसरू नका, नाहीतर रेकॉर्डिंग चालू राहील पण मोबाइलवर काही दिसणार नाही. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा लांब केबलींमधून डीव्हीआरचे पोर्ट उडतात, त्यामुळे घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. मळ्यात घर आणि गेट यांच्यात मोठं अंतर असेल तर मी आता फायबरच टाकतो, काचेतून वीज येत नाही. (दारणाकाठच्या मळ्यांमध्ये कॅमेरे बसवून घेणाऱ्यांना चोरापेक्षा बिबट्याची काळजी जास्त असते. तिथे लेन्सचा हिशेब सोपा असतो, बिबट्याचा चेहरा ओळखायचा नसतो.)

आता माझी एक चूक. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मी डीव्हीआर हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला, वायर कमी लागली म्हणून. दिवाळीत घर फुटलं. चोरांनी दागिन्यांबरोबर डीव्हीआरही नेला. मालक मला काही बोलले नाहीत, नुसते टीव्हीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तेव्हापासून मी डीव्हीआर पोटमाळ्यावर किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवतो, मागे हवेला भोकं पाडून, आणि गेटच्या कॅमेऱ्याच्या हालचालीचे फोटो मोबाइलवर जातील अशी सोय करतो. तुमच्याकडे जिन्याखालची जागा आहे, पण पहिली नजर तिथेच जाते. वरच्या बेडरूमचा माळा बरा.

हार्ड डिस्क किती? २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) दोन एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६-८७ जीबी. १ टीबीत जेमतेम दहा-अकरा दिवस. तुम्ही दिवाळीत पंधरा दिवस गावी गेलात तर पहिल्या दिवसांचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असेल. २ टीबी घ्या, तीन आठवडे निघतात. डिस्क कॅमेऱ्यांसाठीचीच हवी, सीगेटची स्कायहॉक किंवा डब्ल्यूडीची पर्पल. कॉम्प्युटरची जुनी डिस्क चोवीस तास लिहून लिहून दम टाकते आणि ते कोणालाच कळत नाही, कारण लाइव्ह चित्र चालूच असतं.

समोरच्यांच्या कॅमेऱ्यातला तो पांढरा ठिपका कमी पिक्सेलांमुळे असेल, तशी आणखीही कारणं असतात. इन्फ्रारेड दिवा जवळच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा पत्र्यावर पडला की कॅमेरा दिपतो आणि लांबचं सगळं काळं होतं. कोळ्याचं जाळं लेन्ससमोर आलं की तेच, कारण दिव्याच्या उबेला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे डोमच्या, म्हणजे घुमटासारख्या कॅमेऱ्याच्या, काचेवर दव धरतं आणि चित्र दुधाळ होतं. म्हणून बाहेर डोम नको, नळीसारखा बुलेट लावा, आणि महिन्यातून एकदा काठीला मऊ कापड बांधून पुसा. गेटच्या कॅमेऱ्याला मी रात्रीही रंगीत दिसणारा, पिवळसर दिव्याचा घ्या म्हणेन. ‘निळा शर्ट, लाल गाडी’ हे पोलिसांना काळ्या-पांढऱ्यात सांगता येत नाही. शिवाय दिवा लागला की येणाराही बिचकतो. चालत्या गाडीचा नंबर मात्र रात्री या कॅमेऱ्यात येईल ही आशा ठेवू नका. हेडलाइटच्या झोतात पाटी धुऊन निघते, त्याचा कॅमेरा वेगळा आणि महाग असतो.

ॲपबद्दल नीट ऐका, कारण हे भांडणाचं कारण होतं. बरेच कारागीर डीव्हीआर स्वतःच्या मोबाइलवरच्या खात्याला जोडतात आणि तुम्हाला नुसतं शेअर करून देतात. नाशिकरोडच्या एका ताईंचा कारागीर गाव सोडून गेला. तीन वर्षं तो माणूस त्यांचं अंगण कुठूनही बघू शकत होता, आणि त्यांनाच स्वतःच्या डीव्हीआरचा पासवर्ड माहीत नव्हता. शेवटी डीव्हीआर उघडून रीसेट करावा लागला. तेव्हा खातं तुमच्या नंबरवर, तुमच्या हाताने उघडा. ॲडमिनचा पासवर्ड कारागिराला पाठ फिरवायला सांगून टाका आणि रेशनकार्ड ठेवता तिथे कागदावर लिहून ठेवा. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी त्याने फार मोठी अक्कल लावली नव्हती, कंपनीचे मूळ पासवर्ड टाकून बघितले होते. कॅमेरा घेताना एवढंही विचारा: ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे सीसीटीव्हीला सुरक्षेची चाचणी आवश्यक झाली आहे. मॉडेलचं त्या चाचणीचं एसटीक्यूसी प्रमाणपत्र आहे का? ‘जुना स्टॉक, स्वस्तात देतो’ म्हणाले तर हसून नमस्कार करा.

शेजाऱ्यांच्या खिडकीत, अंगणात कॅमेरा वळवू नका. डीव्हीआरमध्ये तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवा. गल्लीत बोलणं राहतं.

आणि सासूबाई. हॉलमधल्या कॅमेऱ्याची कल्पना तुमची आहे, त्यांची नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून कळलं. इंदिरानगरमध्ये एका आजींनी रोज दुपारी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. मुलाला वाटलं कॅमेरा बिघडला, मला बोलावलं. आजी मला म्हणाल्या, ‘मला पदर सोडून पडायचं असतं रे बाबा.’ मी तो कॅमेरा काढून दाराच्या दिशेला, बाहेरून येणाऱ्यावर वळवला, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं, आणि टॉवेल बंद झाला. तुमच्याकडेही दाराला व्हिडिओ बेल लावली तर त्यांना दार न उघडता कोण आलंय ते दिसेल. त्यांच्या दृष्टीने त्याचा उपयोग जास्त.

पुन्हा कधी काही घडलंच, तर टीव्हीचा मोबाइलने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकत बसू नका. डीव्हीआरमधूनच पेनड्राइव्हवर क्लिप काढा, घटनेच्या आधीचा-नंतरचा तासभर धरून, आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते त्याच क्षणी लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नकलेबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ब मध्ये होतं. त्याचा नमुना कायद्यातच आहे, तपास अधिकारी सांगतील तसं भरा. मूळ डिस्क फॉरमॅट करू नका. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल तर घड्याळ आपोआप जुळवायची एनटीपीची खूण चालू आहे ना, एवढं आजच बघण्यासारखं.

कोटेशन परत मागवाल तेव्हा एकरकमी आकडा घेऊ नका. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लेन्स, डीव्हीआरचं मॉडेल, डिस्क, केबल किती मीटर आणि कोणत्या धातूची, बॉक्स, पॉइंटची मजुरी, सगळं सुटं लिहून हवं. शेवटचे दोन-तीन हजार हातात ठेवा. रात्री नऊला अंगणातला दिवा बंद करा, यजमानांना टोपी घालून गेटमधून आत यायला सांगा, मग दिराला. नंतर मोबाइलवर लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग लावा आणि सासूबाईंना विचारा, आधी कोण आला. त्यांना सांगता आलं तर पैसे द्या. नाही आलं, तर कारागिराला पुन्हा शिडी लावायला लावा. तो कुरकुरेल, मीही कुरकुरतो, पण लावतो.